फँटसी फुटबॉल: कोणाला उतरवायचे हे टीव्हीवरच्या सामन्यांवरून ठरवावे का?

एडिसनकर (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलमधल्या (एनएफएलच्या) खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मोजणाऱ्या आमच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये हंगाम सुरू झाला की एक जुना वाद हटकून डोके वर काढतो आणि दरवेळी अर्धवट राहतो, म्हणून तो या वेळी येथे सविस्तर मांडतो आहे. लीग 12 संघांची आहे आणि सगळे एकाच कॉलेजातले आहेत; बहुतेक जण न्यू जर्सीत, काही सिएटलच्या आसपास आणि दोघे पुण्यात. रविवारी सकाळी संघात एकच जागा भरायची उरलेली असते, हाताशी दोन रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू) असतात, दोघांचे अंदाजित गुण जवळपास सारखे असतात, आणि मग आमच्यातले निम्मेअधिक जण ज्याचा सामना घरच्या टीव्हीवर दिसणार आहे त्यालाच उतरवतात. त्यांचे म्हणणे असे की कोणाला किती गुण मिळतील हे कोणालाच ठाऊक नसते, तर निदान तीन तास बघण्यात तरी मजा यावी.

ज्यांना फँटसी म्हणजे ड्रीम इलेव्हन एवढेच परिचयाचे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. येथे एका सामन्यापुरता संघ निवडायचा नसतो. हंगामापूर्वी ड्राफ्ट (खेळाडूंची निवड) होतो, त्यात आपण घेतलेला खेळाडू लीगमधल्या दुसऱ्या कोणाकडे असू शकत नाही, आणि मग दर आठवड्याला लीगमधल्या एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आपल्याकडच्या खेळाडूंतून एक क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), दोन वाइड रिसीव्हर, एक टाइट एंड, एक किकर, एक डिफेन्स (एखाद्या संघाची संपूर्ण बचावफळी) आणि फ्लेक्सच्या जागी रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड यांपैकी कोणीही एक, असा संघ उतरवायचा असतो. धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर 10 यार्डांना 1 गुण, टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला) 6 आणि आमच्यासारख्या पीपीआर लीगमध्ये प्रत्येक झेलाला आणखी 1 गुण मिळतो. यातला कळीचा नियम असा आहे की संपूर्ण संघ एकाच वेळी बंद होत नाही. ज्या खेळाडूचा सामना सुरू होतो तेवढाच त्या क्षणी लॉक होतो आणि बाकीचे बदलता येतात.

आता टीव्हीकडे वळू. रविवारी दुपारचे सामने सीबीएस आणि फॉक्स या वाहिन्यांवर असतात, पण ते प्रदेशानुसार वाटलेले असतात, त्यामुळे न्यू जर्सीत आम्हाला प्रामुख्याने जायंट्स आणि जेट्स या स्थानिक संघांचेच दर्शन घडते. कोणत्या भागात कोणता सामना दिसेल याचे रंगीत नकाशे 506 स्पोर्ट्स या संकेतस्थळावर दर आठवड्याला येतात आणि आमचे काही मित्र दुखापतींच्या बातम्यांआधी ते नकाशे उघडतात. बाकीचे सामने हवे असतील तर संडे तिकीट घ्यावे लागते, जे 2022 पर्यंत डायरेक्टीव्हीकडे होते आणि 2023 पासून यूट्यूबकडे आहे. देशभर सगळ्यांना दिसणारे सामने म्हणजे गुरुवारी रात्री प्राइम व्हिडिओवरचा, रविवारी रात्री एनबीसीवरचा आणि सोमवारी रात्री ईएसपीएनवरचा.

माझे मत असे आहे की या वादात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. सामना दिसतो का, हा एक प्रश्न. सामना केव्हा आहे, हा दुसरा. पहिल्याला गुणांच्या दृष्टीने काडीची किंमत नाही, पण दुसऱ्याला फार मोठी आहे, आणि गंमत अशी की जे लोक पहिल्यासाठी जीव टाकतात तेच दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात.

पहिल्याबद्दल आधी. रात्रीच्या, देशभर दिसणाऱ्या सामन्यांत गुणांचा पाऊस पडतो अशी एक समजूत आहे आणि तिचे मूळ बहुधा 19 नोव्हेंबर 2018 च्या सोमवारात आहे. त्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सने चीफ्सला 54-51 असे हरवले. तो सामना खरे तर मेक्सिको सिटीत व्हायचा होता, पण तिथले मैदान खराब असल्यामुळे हलवावा लागला. ज्याने तो पाहिला तो जन्मभर विसरणार नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. 6 ऑक्टोबर 2022 चा गुरुवार मात्र कोणी सहसा आठवत नाही. डेन्व्हरमध्ये कोल्ट्सने ब्रॉन्कोसवर जादा वेळेत 12-9 असा विजय मिळवला आणि दोन्ही संघांकडून मिळून एकही टचडाउन झाला नाही. सगळेच्या सगळे 7 फील्ड गोल, म्हणजे लाथेने मिळवलेले प्रत्येकी 3 गुण. तोही सामना देशभर दिसत होता. वाहिन्यांच्या पसंतीचे सामने बव्हंशी संघांची लोकप्रियता आणि मागच्या हंगामातील कामगिरी पाहून ठरतात, वेळापत्रक मे महिन्यात जाहीर होते, आणि काउबॉइज कितीही वाईट खेळले तरी त्यांना रात्रीचे सामने मिळतच राहतात. आपल्या रिसीव्हरसमोर उभा राहणारा कॉर्नरबॅक कसा आहे याचा त्या निवडीशी काही संबंध नसतो.

आता वेळेचा प्रश्न. कोणते खेळाडू त्या दिवशी खेळणार नाहीत याची इनॅक्टिव्ह यादी प्रत्येक सामन्याच्या 90 मिनिटे आधी येते. दुपारी 1 च्या सामन्याची यादी साडेअकराला कळते, पण 4:25 च्या सामन्याची यादी 2:55 ला येते, म्हणजे तोवर 1 वाजताचे सगळे खेळाडू लॉक झालेले असतात. ज्याच्या नावापुढे क्वेश्चनेबल (खेळेल की नाही हे अनिश्चित) असा शेरा आहे आणि ज्याचा सामना रविवारी रात्री आहे अशा खेळाडूवर विसंबायचे असेल, तर त्याच्या जागी घालता येईल असा आणखी एक खेळाडू त्याच रात्री किंवा सोमवारी खेळणारा हवा. म्हणूनच गुरुवारी खेळणाऱ्या रिसीव्हरला फ्लेक्समध्ये कधीही ठेवू नये. त्याला रिसीव्हरच्याच जागेवर ठेवावे आणि फ्लेक्स ही जागा सर्वांत उशिरा खेळणाऱ्यासाठी मोकळी राखावी. यात गुणांचा अंदाज तसूभरही बदलत नाही, फक्त चूक सुधारण्याची सोय हातात राहते.

इतरांचे अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडेल.

हडसनतीर

लेख मुद्देसूद आहे, परंतु त्यातले एक गृहीतक मला मान्य नाही. लीग जिंकणे हा एकमेव हेतू असेल तर तुमचे म्हणणे बिनतोड आहे. आमच्या लीगमध्ये जिंकणाऱ्याला मिळते काय, तर एक बेढब चषक आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना जेवण घालण्याचा मान. त्या तुलनेत रविवारची संपूर्ण दुपार आपल्या खेळाडूकडे चेंडू जाताना पाहणे हे मला अधिक मोलाचे वाटते, आणि हौसेला मोल नसते हे आपल्याकडे पूर्वापार मान्य आहे. दोघांच्या अंदाजात अर्ध्या गुणाचा फरक असेल तर तो फरक अंदाज बांधणाऱ्यांच्या चुकीपेक्षाही लहान असतो. तेव्हा अशा वेळी टीव्हीवर दिसणारा खेळाडू निवडला तर नुकसान नेमके कोणते होते, हे तुम्ही सांगितलेले नाही.

एडिसनकर (धागाकर्ता)

खरोखरच अर्ध्या गुणाचा फरक असेल तर नुकसान काहीच होत नाही आणि तेथे माझी हरकतही नाही. माझी तक्रार अशी आहे की तो फरक अर्ध्या गुणावर थांबत नाही. आज अर्धा, पुढच्या आठवड्यात दीड, आणि नोव्हेंबरात थंडी वाढून घराबाहेर पडणे थांबले की मंडळी तीन-चार गुणांवर पाणी सोडून जायंट्सचा तिसरा रिसीव्हर उतरवू लागतात, कारण तो समोर दिसतो. हौस असावी, पण ती किती गुणांना पडते आहे हे आधी पाहून घ्यावे.

पावसाळीसिएटल

पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांची अडचण तुमच्या लेखात आलेली नाही, म्हणून लिहितो. तुमचे 1 वाजताचे सामने आमच्याकडे सकाळी 10 ला सुरू होतात, हे एक वेळ सोसता येते. लंडनमधले सामने मात्र पूर्वेकडच्या वेळेनुसार सकाळी साडेनऊला, म्हणजे आमच्याकडे साडेसहाला असतात आणि त्यांची इनॅक्टिव्ह यादी पहाटे 5 वाजता येते. रविवारी त्या वेळी कोण उठणार? म्हणून माझा साधा रिवाज असा आहे की लंडनमध्ये खेळणाऱ्या आणि शुक्रवारच्या दुखापतींच्या अहवालात शेरा असलेल्या खेळाडूला शनिवारी रात्रीच बाकावर बसवायचे, मग तो कितीही मोठा असो.

दुसरा मुद्दा, सामना पाहण्याला काडीचीही किंमत नाही हे मला पटत नाही. ज्या आठवड्यात पाहतो त्या आठवड्यासाठी नसेल, पण पुढच्या आठवड्यासाठी निश्चित आहे. रिसीव्हर मोकळा सुटला होता आणि क्वार्टरबॅकने चेंडू त्याच्या डोक्यावरून फेकला, हे गुणतक्त्यात शून्य म्हणून दिसते, तर पडद्यावर ती पुढच्या रविवारची चाहूल असते. मात्र यासाठी एकच सामना पूर्ण पाहावा लागतो. 2009 पासून चालू असलेल्या रेडझोन वाहिनीवर आपण सगळे एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात उड्या मारत असतो आणि ती वाहिनी स्वभावतःच टचडाउनच्या जवळ आलेले संघ दाखवते. त्यामुळे गोलरेषेजवळ दोन यार्ड धावणारा रनिंग बॅक फार मोठा वाटू लागतो आणि मैदानाच्या मधल्या भागात सगळे कष्ट उपसणारा नजरेतून निसटतो.

एडिसनकर (धागाकर्ता)

मोकळ्या सुटलेल्या रिसीव्हरचा मुद्दा मान्य, आणि रेडझोनबद्दलचे निरीक्षण तर फारच आवडले. एवढेच जोडतो की कोण किती डाव मैदानावर होता आणि कोणाच्या दिशेने किती चेंडू गेले हे आकडे सोमवारपर्यंत सर्वांना मिळतात, त्यामुळे पाहणाऱ्याचा फायदा असला तरी तो आपल्याला वाटतो त्याहून कमी असतो.

आकडेमोड

वेळेबद्दल धागाकर्त्यांनी दुखापतीचा मुद्दा मांडला आहे, परंतु माझ्या मते त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे. उशिरा खेळणारा खेळाडू हाती असला की आपल्याला नेमके किती गुण हवे आहेत हे ठाऊक असताना निवड करता येते.

समजा सोमवारी रात्री आपण 22 गुणांनी मागे आहोत आणि त्या सामन्यातले दोन खेळाडू आपल्याकडे आहेत. एक जण दर आठवड्याला सहा झेल आणि साठ यार्ड असे नेमाने देतो, म्हणजे 12 गुण. दुसरा कधी 3 देतो आणि कधी 28. सरासरीत पहिला सरस असला तरी त्याला उतरवणे म्हणजे सन्मानाने हरणे. उलट आपण 8 गुणांनी पुढे असू, प्रतिस्पर्ध्याचे सगळे सामने संपलेले असतील आणि आपले फक्त डिफेन्स उरले असेल, तर बहुतेक लीगमध्ये डिफेन्सला ऋण गुण मिळू शकतात हे लक्षात घेऊन ती जागा सरळ रिकामी ठेवावी. लोकांना हे भेकडपणाचे वाटते. मला ते बेरीज-वजाबाकीचे वाटते.

हाच विचार उलट्या दिशेनेही करता येतो. 25 डिसेंबर 2020 रोजी, शुक्रवारी, सेंट्सच्या आल्विन कमाराने व्हायकिंग्जविरुद्ध धावून 6 टचडाउन केले आणि 1929 मधल्या अर्नी नेव्हर्सच्या विक्रमाची बरोबरी केली. टचडाउनचेच 36 गुण आणि वर 155 यार्डांचे 15, तेही असंख्य लीगच्या अंतिम फेरीच्या आठवड्यात. ज्याच्यासमोर कमारा होता त्याला शुक्रवारी संध्याकाळीच कळून चुकले होते की रविवारी नेमस्त संघ उतरवून काहीही हाती लागणार नाही. अशा माणसाने शनिवार-रविवारच्या प्रत्येक जागेवर धोक्याचा पण मोठी झेप घेऊ शकणारा खेळाडू उतरवायला हवा होता. किती जणांनी तसे केले असेल कोण जाणे. बहुतेकांनी शुक्रवारी जे लावले होते तेच रडत ठेवले असणार.

ओसरीवरून

आमच्याकडे थँक्सगिव्हिंगला तीस माणसे जेवायला असतात आणि टीव्हीवर त्या दिवशी लायन्स आणि काउबॉइज असतातच. लायन्स 1934 पासून आणि काउबॉइज 1966 पासून ही प्रथा चालवत आहेत. पाहुण्यांसमोर आपला खेळाडू पडद्यावर नसला तर संभाषणात भागच घेता येत नाही, म्हणून त्या एका गुरुवारी मी दिसणाराच खेळाडू उतरवते आणि त्याचे समर्थन करण्याच्या फंदात पडत नाही. उरलेल्या आठवड्यांत धागाकर्त्यांचे म्हणणे शिरसावंद्य.

लीगचाकारभारी

मी गेली अनेक वर्षे एका लीगचा कमिशनर आहे, त्यामुळे वरच्या चर्चेला एक पुरवणी जोडणे भाग आहे. उशिराच्या सामन्यांचा फायदा आकडेमोड यांनी उत्तम मांडला, पण त्या फायद्याला एक दुसरी बाजू आहे. 2 जानेवारी 2023 च्या सोमवारी बिल्स आणि बेंगल्स यांच्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये डमार हॅमलिन याचे हृदय मैदानावर बंद पडले. सुदैवाने तो वाचला आणि पुढे पुन्हा खेळलाही. सामना थांबला आणि काही दिवसांनी रद्द झाला. तो फँटसीच्या अंतिम फेरीचा आठवडा होता आणि जॉश ॲलन, जो बरो, जमार चेस, स्टेफॉन डिग्ज यांच्या भरवशावर सोमवारची वाट पाहणारे असंख्य लोक होते. त्या रात्री गुणांची विचारपूस करणे कोणालाच शोभले नसते आणि आमच्या लीगमध्ये कोणी केलीही नाही; आम्ही दोघांना संयुक्त विजेते ठरवले. पण तेव्हापासून आमच्या नियमांत रद्द झालेल्या सामन्याचे काय करायचे यावर एक कलम आहे, आणि ज्यांच्या लीगमध्ये ते नाही त्यांनी ते डिसेंबरपूर्वी घालून घ्यावे.

वेळापत्रकाचाही भरवसा धरू नये. 2020 साली रेव्हन्स आणि स्टीलर्स यांचा थँक्सगिव्हिंगचा सामना कोविडमुळे पुढे ढकलत ढकलत 2 डिसेंबरच्या बुधवारी गेला, आणि तोही दुपारी 3:40 ला, कारण संध्याकाळी एनबीसीला रॉकफेलर सेंटरचे ख्रिसमस झाड उजळण्याचा सोहळा दाखवायचा होता. शिवाय 2006 पासून रविवार रात्रीचे सामने हंगामात बदलता येतात आणि 2023 पासून सोमवारचेही. त्याच वर्षी डिसेंबरात चीफ्स-पेट्रियट्स सामना सोमवारवरून काढून त्या जागी ईगल्स-सीहॉक्स घालण्यात आला. ज्याने ऑगस्टमध्येच आपले रविवार आणि सोमवार आखून ठेवले त्याचे गणित तिथेच विस्कटले.

आणि बुधवार आता अपवादही राहिलेला नाही. 2024 च्या नाताळात, बुधवारी, नेटफ्लिक्सवर दोन सामने झाले: चीफ्स विरुद्ध स्टीलर्स आणि रेव्हन्स विरुद्ध टेक्सन्स. हे चारही संघ आदल्या शनिवारीच खेळले होते. अंतिम फेरीचा आठवडा होता आणि बुधवारी दुपारी लॉक होते. आमच्या लीगमध्ये एकाने मंगळवारी आठवण करून देऊनही रविवारच्या सवयीने संघ पाहिला नाही आणि बाकावर बसलेला क्वार्टरबॅक तसाच बाकावर राहिला. त्याने नंतर नियमांत सवलत मागितली. मी दिली नाही.

हडसनतीर

कारभाऱ्यांनी सवलत दिली नाही हे योग्यच केले. माझ्या मूळ मुद्द्यात मात्र एक भर घालतो. जर उशिराचे सामने धोरणाच्या दृष्टीने अधिक उपयोगी असतील आणि तेच देशभर दिसणारेही असतील, तर दिसणाऱ्या खेळाडूला उतरवणारा माणूस चुकीच्या कारणाने का होईना, पुष्कळदा योग्य जागी पोचतो. मग त्याला एवढे झोडपायचे कारण काय?

आकडेमोड

कारण गुरुवारचा सामनाही देशभर दिसतो आणि धोरणाच्या दृष्टीने तो सर्वांत गैरसोयीचा असतो. सगळ्यात कमी माहिती हातात असताना सगळ्यात आधी लॉक होणारा खेळाडू तोच. तुमचा दिसणारा खेळाडू सोमवारी योग्य जागी पोचतो आणि गुरुवारी नेमका उलट्या जागी. ज्याला कारण कळलेले नाही त्याला या दोहोंतला फरकही कळणार नाही.

शनिवारपेठ

धागाकर्त्यांच्या लीगमधल्या पुण्याच्या दोघांपैकी मी एक. आमच्यासाठी सामना दिसतो की नाही यापेक्षा आम्ही जागे असतो की नाही हा प्रश्न आहे. ऑक्टोबरात लंडनचा सामना येथे संध्याकाळी 7 ला सुरू होतो, म्हणजे सिएटलकरांची पहाट ती आमची उत्तम वेळ. 1 वाजताचे सामने रात्री साडेदहाला सुरू होतात आणि त्यांची इनॅक्टिव्ह यादी 9 वाजता, जेवणे आटोपता आटोपता मिळते. पण 4:25 चे सामने मध्यरात्रीनंतर 1:55 ला येतात आणि त्यांची यादी 12:25 ला. सोमवारी सकाळी कार्यालय असलेल्या माणसाने तोवर ताटकळू नये. रविवार रात्रीचा सामना मात्र आमच्या सोमवारी पहाटे 5:50 ला सुरू होतो. त्याची यादी 4:20 लाच आलेली असते, त्यामुळे साडेपाचला उठले की वीस मिनिटे हाताशी उरतात. सोमवारचाही तसाच, मंगळवारी पहाटे.

म्हणून माझ्या संघाची रचना धागाकर्त्यांच्या सिद्धान्ताला जवळजवळ आपोआप धरून आहे. शंका असलेले खेळाडू मी फक्त 1 वाजताचे आणि रात्रीचे चालवून घेतो. मधल्या 4:05 आणि 4:25 च्या सामन्यांत धडधाकट असतील तेच उतरतात. ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) बोलणी करतानाही मी वेळापत्रक उघडून पश्चिमेकडच्या संघांचे घरचे सामने मोजतो, कारण ते बहुधा त्या मधल्या वेळेत येतात. एडिसनकर याला पुणेरी चोखंदळपणा म्हणतात.

एक शंका आहे. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे बदलली की हा सगळा हिशोब कोणत्या रविवारपासून पुढे सरकवायचा? लीगच्या ॲपवर आमची वेळ दिसते, पण ती आठवडाभर आधी पाहिली की माझा गोंधळ उडतो.

एडिसनकर (धागाकर्ता)

चोखंदळपणा म्हणालो ते कौतुकाने. घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे 2 वाजता बदलते, त्यामुळे त्याच रविवारच्या सामन्यांपासून तुमच्याकडे सगळे एक तास उशिरा येईल: 1 वाजताचा सामना रात्री साडेअकराला, त्याची यादी 10 वाजता, आणि रात्रीचा सामना सोमवारी सकाळी 6:50 ला. त्याच आठवड्यातला गुरुवार त्याआधी होऊन गेलेला असतो, तो जुन्याच वेळेने धरावा. जर्मनीतले सामने अलीकडे नोव्हेंबरात होत आले आहेत. यंदाही तसे असेल आणि सामना नेहमीप्रमाणे साडेनऊचा असेल, तर तो तुम्हाला 7 ऐवजी रात्री 8 ला दिसेल.